दिवसाचा भाव

पाडव्याच्या सकाळी, ९ एप्रिल २०२४ ला, नारळ फुटला. पेढे वाटून झाले आणि आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष तात्या सगळ्यांदेखत म्हणाले, "मंग भैय्या, मशीन कवा फिरती?" मी पुण्याच्या सवयीनं बोलून गेलो, "दसऱ्याला." टाळ्या पडल्या. घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर दसरा १२ ऑक्टोबरला. म्हणजे १८६ दिवस. मला ते भरपूर वाटले.

मी अकरा वर्षं चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. नवी लाइन उभी करायची, तिचा वेळ, कामं, खर्च सांभाळायचा, हेच काम. अण्णांचे गुडघे गेले आणि मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, ते 'तात्पुरतं' म्हणून. कंपनीनं तेव्हाच गोदाम आणि सोयाबीन-तूर साफ करून प्रतवारी करायचं यंत्र बसवायचं ठरवलं होतं. गोदाम ५०० टनांचं, यंत्र ताशी २ टनांचं. संचालकांच्या बैठकीत तात्या म्हणाले, "याला सवय हाय असल्या कामाची," आणि मी प्रोजेक्ट मॅनेजर झालो. मानधन शून्य, पेट्रोल घरचं.

दसराच का, याला कारण होतं. आमच्याकडं सोयाबीन जूनमध्ये पेरलं की सप्टेंबरअखेरीला काढणीला येतं. जेएस ३३५ सारखं वाण शंभर दिवसांच्या आतबाहेर हातात येतं, फुले संगमला थोडे जास्त लागतात. रास झाली की माल घरात ठेवायची ऐपत फार थोड्यांची. खताची उधारी असते, दिवाळी तोंडावर असते. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ढीग लागतात ते याच दिवसांत. आपलं यंत्र दिवाळीनंतर सुरू झालं तर साफ करायला उरणार काय? त्यामुळं दसरा हलवता येणार नव्हता आणि सगळं नियोजन तिथून मागं मोजत यायला हवं होतं. मी मात्र पाडव्यापासून पुढं मोजत गेलो.

अंदाजपत्रक असं होतं: बांधकाम ४६ लाख, यंत्रं ३१ लाख, वीज ७ लाख, रस्ता-कुंपण-पाणी ५ लाख, नकाशे आणि परवानग्या २ लाख. एकूण ९१ लाख, वर राखीव ५ लाख. एका योजनेतून ६० टक्के अनुदान मंजूर होतं, पण ते आधी खर्च करा, कागद लावा, मग टप्प्याटप्प्यानं मिळणार. मधली दरी भरायला बँकेचं ४० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के.

पहिल्या आठवड्यात मी एक हिशेब केला आणि त्याचा मला फार अभिमान वाटला. एका दिवसाची किंमत काढली. पूर्ण कर्ज उचललं तर महिन्याचं व्याज साडेछत्तीस हजार, म्हणजे दिवसाला साधारण १,२००. हंगामात मात्र यंत्र दहा तास चाललं तर रोज २०० क्विंटल माल साफ होणार, क्विंटलला ६० रुपये धरले तर १२,००० रुपये. म्हणजे एप्रिल-मेमधला वाया गेलेला दिवस १,२०० ला पडतो आणि ऑक्टोबरमधला १३,२०० ला. मोंढ्यात मालाचा भाव फळ्यावर लिहितात तसा मी हा भाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. कुणी म्हणालं, "एवढे जादा द्या, काम चार दिवस लवकर करतो," की वही उघडायची. भावात बसलं तर हो, नाही तर नाही. कल्पना अजूनही मला बरोबरच वाटते. आकडा चुकला होता.

मेमध्ये अण्णा जागेवर आले. काठी टेकत सगळीकडं फिरले आणि म्हणाले, "रस्ता कवा करायलास?" गावरस्त्यापासून आमच्या जागेपर्यंत सव्वादोनशे मीटर काळं रान होतं. मी कागद दाखवला: रस्ता, सगळ्यात शेवटी, सप्टेंबर. चाकणला असंच असायचं. जड गाड्या जाऊन रस्ता उखडतो, म्हणून तो शेवटी. पण एमआयडीसीत आधीचा डांबरी रस्ता असतोच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "मिरगात हितं बैल चालत न्हाई, तुझा ट्रक कसा चालल?" मुरूम टाकून दाबून घ्यायला ठेकेदार घाईचे म्हणून चाळीस हजार जादा मागत होता, आणि सहा दिवस वाचवतो म्हणत होता. मी वही उघडली. सहा दिवस गुणिले १,२०० म्हणजे ७,२००. नको म्हणालो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. लोखंडाचा ट्रक रानात शिरला आणि शंभर फुटांवर आसापर्यंत रुतला. जेसीबी काढायला गेला, तोही घसरायला लागला. वापसा येईपर्यंत काही हलणार नव्हतं. ज्यांनी काळ्या रानात शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: पावसानंतर जमीन ना ओली ना कोरडी अशी कामाला योग्य होते, तो वापसा. तो यायच्या आत पुन्हा पाऊस झाला की मोजणी नव्यानं सुरू. आमचा वापसा अकरा दिवसांनी आला. ट्रकवाल्याचं थांबण्याचं भाडं, माल पाठीवर वाहायची मजुरी, पुन्हा वाढीव दरानं मुरूम, सगळं मिळून एक लाख दहा हजार.

म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या आठवड्याचा भाव दिवसाला १,२०० नव्हता. पावसाच्या अलीकडचा प्रत्येक दिवस पलीकडच्या दोन-तीन दिवसांची किंमत घेऊन बसलेला असतो. हे गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तर कळलं असतं. पेरणीची घात चुकली तर एका दिवसाच्या उशिरानं काय होतं हे त्यांना पाठ असतं. मी व्याजाचा दर लावत बसलो होतो.

विजेच्या बाबतीत मात्र वाचलो, आणि तेही दुसऱ्याच्या पुण्याईनं. माझ्या तक्त्यात 'वीज जोडणी: ३० दिवस, ऑगस्टमध्ये सुरुवात' अशी एक ओळ होती. गावातले निवृत्त लाइनमन, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात चहाला आले. तक्ता भिंतीवर होता. बराच वेळ बघून म्हणाले, "भैय्या, डीपीला एकच महिना? डीपी म्हंजे लग्नातला जावई. त्यो आल्याबिगर पंगत बसत न्हाई, आन त्यो कवा सांगून येत न्हाई."

आमचा भार ४५ हॉर्सपॉवरचा, त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच मामांचा डीपी. मामांनी पायऱ्या बोटांवर मोजून दाखवल्या: अर्ज, जागेची पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, पैसे भरणं, परवानाधारक ठेकेदार, खांब आणि तारा, ट्रान्सफॉर्मर येणं, चाचणी, विद्युत निरीक्षकाची परवानगी, मग चार्जिंग, म्हणजे प्रत्यक्ष वीज सोडणं. यातली एकही पायरी आधीची झाल्याशिवाय पुढं सरकत नाही. "तीन-चार महिने धर," म्हणाले, "आन उद्याच अर्ज टाक."

त्या रात्री मी तक्ता नव्यानं मांडला. कामांच्या साखळ्यांतली सर्वांत लांब साखळी शोधायची आणि तिच्यावर डोळा ठेवायचा, या पद्धतीला क्रिटिकल पाथ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत ती घडली. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागे, तो काळ कमी करायला तिचा उपयोग झाला. मी ती कित्येकदा वापरलेली. पण साखळी काढताना मला पाया, खांब, पत्रे, यंत्र अशी डोळ्यांना दिसणारी कामंच लांब वाटली होती. विटा-सिमेंटचं काम माणसं वाढवून आठ-दहा दिवस आवळता येतं. विजेच्या साखळीत तीन चतुर्थांश वेळ कागद टेबलावर पडून असतो, आणि तिथं माणसं वाढवता येत नाहीत. अर्ज १५ मे ला गेला. ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला ९ ऑक्टोबरला. ऑगस्टमध्ये अर्ज केला असता तर काय झालं असतं, याचा मी हिशेब केला नाही.

पायाचं थोडक्यात सांगतो. मुरूम किती खाली लागतो हे बघायला एकाच कोपऱ्यात खड्डा घेतला होता, तिथं चार फुटांवर लागला. पलीकडच्या टोकाला सहा फुटांवर. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, तिच्यावर फरशी टिकत नाही. त्यामुळं तीन हजार चौरस फुटांत आणखी दोन फूट उकरून मुरूम भरावा लागला. दबाई धरून ऐंशी ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). जेसीबी आणि वाहतुकीसह एक लाख साठ हजार गेले. चार कोपऱ्यांत चार खड्डे घ्यायला जेसीबीचे फार तर दोन तास लागले असते. त्या वेळी जुने लोक येऊन किल्लारी भूकंपाच्या आठवणी सांगत आणि लोखंड कमी करू नको म्हणून बजावत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात अजून कुठल्याही बांधकामाच्या गप्पांत येतेच. लोखंडात मी काटकसर केली नाही.

सर्वांत जास्त शिकवलं ते मिस्त्रीनं. हुशार माणूस, हाताला चांगला. सुरुवातीलाच साठ हजार उचल मागितली. मी दिली, उचल घेतलेला माणूस आपल्याकडं बांधलेला राहतो, अशी माझी समजूत. पेरणी लागली तसा तो आणि त्याची सगळी टोळी गायब. फोन केला तर म्हणाला, "मालक, माझंबी दोन एकर रान हाय की." त्यात त्याची काही चूक नव्हती. चूक तक्त्याची होती, ज्यात जूनचे तीस दिवस मेच्या तीस दिवसांसारखेच दिसत होते.

तो परत आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक, उचल बंद. आमचा आठवडी बाजार गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी टेप लावून झालेलं काम दोघांनी मिळून मोजायचं, त्याचे पैसे गुरुवारी सकाळी रोख, म्हणजे मजुरांना बाजार करता येतो. त्यातले ५ टक्के सहा महिन्यांसाठी मागं ठेवायचे. चाकणला दर शुक्रवारी आढावा बैठक असायची, तिला निम्मे लोक दांडी मारायचे. बुधवारच्या मोजणीला एकदाही कुणी गैरहजर राहिलं नाही.

दुसरी गोष्ट, मी तक्त्यात सण आणि शेतीची कामं 'काम' म्हणूनच घातली. पोळा: २ दिवस. महालक्ष्म्या: ३ दिवस. खुरपणी: निम्मी माणसं. संचालकांतले एक गुरुजी हसले, म्हणाले, महालक्ष्म्यांना प्रोजेक्टमध्ये घेतलं का? पण १ आणि २ सप्टेंबरला मराठवाडाभर जो पाऊस झाला, नांदेड-परभणी-हिंगोलीकडं तर शेतं वाहून गेली, तेव्हा आमच्याकडं निम्मे पत्रे चढलेले होते. २ तारखेलाच पोळा होता. पोळ्याचे दोन दिवस आधीच मोजलेले असल्यामुळं पावसाचा मार तीन दिवसांवर आला.

जुलैअखेरीला तात्यांना हिशेब दाखवायचा होता. ते पासबुक बघून खूश होते: "९६ पैकी ४६ च लाख गेलेत. निम्म्यातच हाव." मी म्हणालो, तात्या, पैसे किती गेले ते सोडा. आजपर्यंत ५२ लाखांचं काम व्हायला हवं होतं. झालंय ४१ लाखांचं. आणि तेवढ्यासाठी गेलेत ४६. याच चालीनं गेलो तर ९१ चं काम १ कोटी २ लाखांना पडेल, राखीव संपून वर सहा लाख.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे खत, फवारणी, खुरपणी समदं झालंय, बिलं फेडलीत, पण रानात झाडं बारा आणे." मला आठवतं, हीच गोष्ट शिकायला मला कंपनीच्या खर्चानं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं होतं.

त्याच बैठकीत बदलवही सुरू झाली. तोवर रोज कुणीतरी काहीतरी सुचवत होतं. ऑफिसवर पत्र्याऐवजी स्लॅब टाका, उद्या वर सभागृह होईल. दाराशी कमान हवी, तिच्यावर नावं. एका संचालकाला तर शेडला लागून दुकानगाळे हवे होते. नाही म्हणणं अवघड, सगळे काका-मामा. मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: कुणी सुचवलं, किती दिवस वाढतील, किती रुपये, पैसे कुठून, सही. तोंडी मागणी करणारे बावीस होते. सही केली ती चौघांनी. कमानीचा विषय 'दिवस १२, रुपये १ लाख ८० हजार, पैसे कुठून' या रकान्याशी येऊन थांबला. गुरुजींनी पेन टोपणात घातलं, म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." कुंपणही आम्ही स्वतःहून पुढं ढकललं, तेव्हा कुठं आकडा खाली आला.

व्हॉट्सअॅप ग्रुपचं बोलायलाच नको. 'प्रोजेक्ट अपडेट' नावाच्या ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवस यांच्या गर्दीत सिमेंट संपल्याचा निरोप कुणालाच दिसला नाही. एक दिवस काम बंद. त्यानंतर सगळं भिंतीवरच्या कागदावर आणि तोंडी.

सप्टेंबरच्या शेवटी वहीतला भाव पुन्हा कामाला आला, आणि या वेळी बरोबर लागला. यंत्राचे एलिव्हेटर उभे करायचे होते. चेनपुलीनं सहा दिवस आणि ९,००० रुपये. क्रेननं दोन दिवस आणि ३४,०००. तात्यांना क्रेन म्हणजे चैन वाटली. चार दिवसांसाठी पंचवीस हजार जादा, म्हणजे दिवसाला सव्वासहा हजार, आणि आपला दिवस तेरा हजारांचा. तात्यांनी मान हलवली. "आण."

दसऱ्याला यंत्राची पूजा झाली, पण यंत्र फिरलं नाही. एका मोटारीचे फेरे उलटे, सेन्सरची वायर उंदरानं खाल्लेली, एका चाळणीचं माप चुकून आलेलं. १६ ऑक्टोबरला उद्घाटन ठरलं होतं, एका बड्या नेत्याच्या हस्ते, मंडप सांगून झाला होता. १५ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. मंडप रद्द, हार रद्द. १६ ला दुपारी, सभासदांतल्या सर्वांत वयस्कर आजींनी नारळ फोडला आणि मामांनी स्टार्टर दाबला. पहिला माल अण्णांचा होता, चौदा कट्टे. वहीत मी लिहिलं: चार दिवस उशीर, ५२,८०० रुपये. एकूण खर्च ९९ लाख ४० हजार, कुंपणाशिवाय.

हंगाम बरा गेला असं म्हणता येईल, पण माझ्या २०० क्विंटलच्या हिशेबानं गेला नाही. ऑक्टोबरात पाऊस झाला, सोयाबीन ओलं आलं. ओला माल चाळणीवर चिकटतो, यंत्र हळू चालवावं लागतं. हमीभाव ४,८९२ होता, मोंढ्यात त्याच्या बऱ्याच खाली. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट, ती नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, तोवर लोक आमच्याच अंगणात माल वाळत घालून बसत. वाळवायला ओटा लागतो, हे कुणीच, मीही, अंदाजपत्रकात धरलं नव्हतं. बदलवहीत तो आता पहिल्या क्रमांकावर आहे, माझ्या सहीनं.

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळअमावस्या, होती. आमच्याकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे रानात. आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे. मिस्त्री आमच्या कोपीशी जेवायला आला होता. हात धुऊन झाल्यावर त्यानं हळूच मागं ठेवलेल्या पंचेचाळीस हजारांचा विषय काढला. पोराच्या फीची नड होती. मी म्हणालो, पाडव्याला सहा महिने होतील, तेव्हा ठरल्याप्रमाणं. आणि गोदामाच्या पूर्वेकडच्या फरशीला बोटभर लांब भेग दिसायला लागली आहे, तेवढी बघ. तो काही बोलला नाही. आंबिलीचा गाडगा पुन्हा भरून घेतला, पिला, मोटारसायकलला किक मारली आणि रानातून सरळ गोदामाकडं गेला. संध्याकाळी परतताना मी डोकावलो तर तो उकिडवा बसून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून शेजारी तारीख लिहीत होता.